शेवटचे पंचवीस हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. देवापुढे उभा राहतो तेव्हासुद्धा एवढं गाळूनच बोलतो. तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं — पण लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला उठून पाणी पिऊन आलो. नंतर पंखा कमी केला. मग खिडकी लावली.

तर आधी मी कोण ते सांगतो. मी मूळचा सांगलीचा. नऊ वर्षांपूर्वी इंदूरजवळच्या पीथमपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आलो. सुटे भाग तपासायचे आणि खराब निघेल त्यावर लाल शिक्का मारायचा, हे माझं काम. तिथून जवळच राऊ गावात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. बायको पुण्यात, तिच्या नोकरीमुळे आणि मुलीच्या शिक्षणामुळे. सुरुवातीला महिन्यातून एकदा जाणं-येणं होतं, मग सणावारी, मग नुसता फोन. भांडण काही झालं नाही. झालं असतं तर निदान समजूत काढायला कोणीतरी आलं असतं.

शनिवारी संध्याकाळी कारखान्यातून आलो की सोमवारी सकाळपर्यंत माझ्या तोंडून जे शब्द निघत ते दूधवाल्याशी. ‘एक लिटर.’ कधी कधी ‘भिया, एक लिटर.’ तुम्ही कधी स्वतःचा आवाज ऐकायला मोठ्यानं वर्तमानपत्र वाचलं आहे का? मी वाचलं आहे. अगदी निविदांच्या जाहिरातींसकट.

अशात कळलं की शहराबाहेरच्या तलावावर चाळिशीच्या पुढच्या लोकांची वल्हवण्याची टीम जमते आहे. चौघांची नाव, शिवाय सुकाणू धरणारा एक. मी गेलो आणि छाती काढून सांगितलं, ‘मी सांगलीचा, कृष्णाकाठचा. होड्यांच्या शर्यती आमच्या रक्तात आहेत.’ खरं तर त्या शर्यती मी घाटावर बसून भडंग खात पाहिल्या होत्या. ती थाप कोणी मनावर घेतली नाही. मला नाव मात्र मिळालं — सांगलीवाले.

नावेत पाच जण. सगळ्यात मागे, ज्याची लय बाकीचे धरतात ते करंदीकर डॉक्टर, दातांचे. त्यांच्या पाठीशी फणसेसाहेब. मग राठौड़जी, कापडाचे व्यापारी. मग मी. आणि माझ्याही पाठीमागे, नावेच्या टोकात आडवी पडलेली मेघना, राऊच्याच एका कॉलेजात शिकवते, अंगानं एवढीशी, म्हणून सुकाणू तिच्याकडे.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण माझं सगळं पाप तिच्यावर उभं आहे. वल्हवणारे चौघं नाव जाते त्या दिशेला पाठ करून बसतात. प्रत्येकाला पुढच्याची पाठ दिसते. माझी सीट टोकाकडची, म्हणून मला तिघांच्याही पाठी दिसतात आणि माझी पाठ कोणालाच दिसत नाही. मेघना माझ्या मागे असते, पण तिचं तोंड पलीकडे, शर्यतीच्या रेषेकडे. म्हणजे त्या अख्ख्या नावेत मला पाहणारं कोणी नाही. आणि दुसरी गोष्ट — चार वल्ह्यांपैकी दोन एका बाजूला, दोन दुसऱ्या. एका बाजूला डॉक्टर आणि राठौड़जी. दुसऱ्या बाजूला फणसे आणि मी.

फणसेसाहेब तेव्हा साठीला आलेले. त्यांचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते म्हणे. हे मात्र स्नेहलतागंजात फोटो-फ्रेमचं दुकान चालवायचे. ‘आमचे पणजोबा तलवार चालवायचे, मी खिळे ठोकतो,’ असं स्वतःच म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. मुलीचा एक फोटो घेऊन मी पहिल्यांदा त्यांच्या दुकानात गेलो. घरी एक रिकामी फ्रेम होती, तिच्यात बसावा म्हणून म्हटलं, कडेनं थोडा कापा. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

‘फोटो नाही कापायचा, भिया. कोन्यात कोण उभं आहे, तुम्हाला काय पता? फ्रेम मोठी करू. फोटोला हात नाही लावायचा.’

आणि खरंच त्यांनी मोठी फ्रेम केली. काचेच्या आत फोटोभोवती जाड कागदाचा पट्टा असतो ना, ज्याला ते माउंट म्हणायचे, तोसुद्धा असा कापला की फोटोचा दोराएवढा भागही झाकला गेला नाही. हे लक्षात ठेवा.

सराव संपला की आम्ही सगळे पोहे खायला जायचो. मग डॉक्टर घरी, राठौड़जी घरी, मेघना घरी. मी गाडीची किल्ली शोधल्याचं नाटक करत रेंगाळायचो. ते नाटक फक्त फणसेंनी ओळखलं. ‘सांगलीवाले, आज बाफले केले आहेत वहिनींनी तुमच्या. चला.’ वहिनी म्हणजे त्यांचीच बायको. दर दोन-तीन रविवारी मी त्यांच्याकडे जेवायचो. इंदूरमध्ये ‘जेवलात का’ असं विचारणारा तो एक माणूस होता. हे मुद्दाम सांगतो आहे. पुढचं वाचताना तुम्हाला माझ्याविषयी काही मऊ वाटायला लागलं तर हे आठवा.

आम्ही शर्यतींना जायचो. पुण्याला पहिल्या वेळी शेवटून पहिले आलो, इतके मागे की काठावरच्या लोकांनी आम्हालाच जास्त टाळ्या वाजवल्या. हैदराबादला वारा सुटला आणि नावेत इतकं पाणी आलं की राठौड़जी अर्ध्यात हनुमान चालीसा म्हणायला लागले. हरून आलो तरी परतीच्या गाडीत सगळे एकमेकांवर रेलून झोपायचे. कोणाचं तरी डोकं माझ्या खांद्यावर असायचं. मी जागा असायचो आणि हलायचो नाही. मला पदकाचं काही नव्हतं हो. मला तो खांद्यावरचा भार हवा होता.

मग फणसेंच्या हृदयात स्टेंट बसवावा लागला. सहा महिने घरी राहिले, हृदयाच्या डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर परत आले, आणि पहिल्यासारखेच ओढायला लागले. त्याच सुमारास महूहून एक निवृत्त सुभेदार सरावाला यायला लागले. वय चव्वेचाळीस, दंड हे एवढे. ते आमच्याच बाजूचं वल्हं मारायचे. कोणी उघड बोललं नाही, पण सगळ्यांना कळत होतं — आमच्या बाजूच्या दोघांपैकी एकाला सीट सोडावी लागणार. फणसे, नाही तर मी.

मी काय केलं असतं सीट गेल्यावर? काठावर उभा राहून टॉवेल धरला असता? रविवारी सकाळी कुठे गेलो असतो? असं विचारून मी तुम्हाला फितवायला बघतो आहे. राहू द्या.

आता ते. सरावातच सुरू झालं होतं. वल्हं पाण्यात घालायचं, सगळ्यांच्या लयीत मागे आणायचं, वर काढायचं — पण ओढायचं नाही. पाठ वाकते, श्वासाचा आवाज होतो, सगळं काही होतं. फक्त पाणी हलत नाही. दमलो की एखादा हात असा पोकळ मारायचा. वल्ह्याच्या एका फेऱ्याला आम्ही हात म्हणायचो. आधी शंभरातला एक, मग तीन, मग पाच. कोणाला कळलं नाही. आणि कळत नाही हे मला कळलं — तिथे मी बिघडलो.

भोपाळच्या मोठ्या तलावावरची शर्यत. हजार मीटर, साधारण सव्वाशे हात. आम्ही पहिल्यांदाच तिसऱ्या क्रमांकावर होतो. मागच्या नावेत आणि आमच्यात निम्म्या नावेचं अंतर, आणि मेघना माझ्या पाठीमागून ओरडत होती, ‘तीसरे हैं, तीसरे हैं, सोडू नका!’ माझ्या मांड्यांत आग पेटली होती. छातीत कळ वगैरे काही नव्हती, घेरी नव्हती. हे स्पष्ट सांगतो. मला नुसता कंटाळा आला होता त्या दुखण्याचा. आणि मला पाहणारं कोणी नव्हतं.

शेवटचे पंचवीस हात मी ओढलेच नाहीत.

पंचवीसच्या पंचवीस पोकळ. मी मोजले. पाण्यात घालत होतो, काढत होतो, आणि राठौड़जींच्या खांद्यावरून मला फणसेंचं वल्हं दिसत होतं. ते पाण्यातून निघालं की मागे पांढरा भोवरा पडायचा, परातीएवढा. शेवटच्या हातापर्यंत पडत होता. एकसष्ट वर्षांचा, स्टेंटवाला माणूस आमची अख्खी बाजू एकटा ओढत होता. मला ते दिसत होतं आणि मी मोजत होतो.

एक बाजू हलकी पडली की नाव त्या बाजूला वळते. आमचीही वळली. मेघनानं सुकाणू सगळं दाबलं, त्यानं वेग आणखी कमी झाला, आणि मागची नाव रेषेवर आमच्या हातभर पुढे गेली. आम्ही चौथे.

काठाला लागल्यावर मेघना धापा टाकतच म्हणाली, ‘नाव उजवीकडे भागत होती, सर. मी पूरा रडर दिला तरी सीधी होईना. त्या साइडचं कोणीतरी बैठलं.’

त्या साइडचं. म्हणजे दोघांतलं एक.  मग राठौड़जींनी अगदी मायेनं विचारलं, ‘फणसेजी, तबीयत तो ठीक है ना?’

सगळ्यांनी फणसेंकडे पाहिलं.

मीही पाहिलं. मान खाली घातली असती, तलावाकडे बघितलं असतं, बुटाची नाडी सोडली असती — काहीही करता आलं असतं. पण मी मान वळवून, कपाळाला काळजीची आठी घालून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी आमच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली, माझ्यावर थोडी थांबली असं मला तेव्हा वाटलं, आणि मग स्वतःच्या हातांकडे पाहायला लागले. उलटेपालटे करून. जणू हातांनाच विचारत होते, तुम्ही होता का रे?

परतीच्या गाडीत ते माझ्या शेजारी बसले. देवास आलं. मग म्हणाले, ‘माझ्या चक्करमध्ये तुमचा पण मेडल गेला, सांगलीवाले. तुम्ही तर जान लावली होती. माफ करा यार.’

इथे मला बोलता आलं असतं. गाडीत अंधार नव्हता, चांगलं ऊन होतं, बाकीचे झोपले होते, एक वाक्य पुरलं असतं. मी काय म्हणालो, सांगू?

‘वय होतं हो, फणसेसाहेब.’

असं म्हणालो. आणि वर त्यांच्या गुडघ्यावर थोपटलं.

पुढच्या रविवारी डॉक्टरांनी सुचवलं की आम्हा दोघांची वल्हवण्याच्या मशीनवर चाचणी घेऊ, कोण किती ओढतो ते आकड्यात कळेल.  मशीनपुढे सांगलीचं रक्त काय करणार? पण फणसे म्हणाले, ‘कशाला टेस्ट? सांगलीवाल्यांना का तकलीफ? मलाच समजतं ना माझं.’ त्यांनी पोहे खाल्ले, सगळ्यांना जिलेबी घातली आणि गेले. नावेत प्रत्येक सीटपुढे बूट पक्के बसवलेले असतात, पाय त्यांतच घालायचे. त्यांच्या बुटांत सुभेदारांनी पाय घातले. बरोबर बसले.

नंतर त्यांच्या घरचं बोलावणं दोनदा आलं. मी दोन्ही वेळा कारखान्याचं काम सांगितलं. ज्या माणसाच्या ताटात जेवलो त्याच्यासमोर बसून घास गिळायचा कसा? मग बोलावणं यायचं थांबलं. म्हणजे सीट वाचवली, आणि ज्याच्यासाठी वाचवली तेच गेलं.

काही दिवसांनी शर्यतीचे फोटो ग्रुपवर आले. एक आमच्या बाजूच्या काठावरून काढलेला, शेवटच्या टप्प्यातला. घरी बसून मी तो मोठा करून पाहिला. फणसेंचं वल्हं पाण्यात, दांडा ताणानं वाकलेला, मागे पाणी फुटलेलं. आणि माझं वल्हं — सरळ. पात्याभोवती पाणी ताटातल्या आमटीसारखं शांत. ज्यानं आयुष्यात एकदा वल्हं मारलं आहे त्याला तो फोटो एका नजरेत सगळं सांगेल. मी तो फोनमधून पुसला. ग्रुपवरून कसा पुसणार? आठवडाभर दर मेसेजला दचकत होतो. पण सगळ्यांनी फक्त आपापले चेहरे पाहिले, अंगठे पाठवले आणि विसरले. ग्रुपमध्ये फणसे होतेच. त्यांनीही अंगठा पाठवला.

वर्ष गेलं. मग एकदा त्यांचा फोन आला. टीमला पाच वर्षं झाली म्हणून त्यांनी आपल्या हौसेनं प्रत्येकासाठी एकेक फ्रेम केली होती. येऊन घेऊन जा म्हणाले. मी दुपारी गेलो. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. ते बारीक झाले होते. काउंटरवर पाच फ्रेमा एकावर एक ठेवलेल्या. वरची त्यांनी कापडानं पुसली आणि माझ्याकडे सरकवली.

तोच फोटो होता.

 आणि मग मी नीट पाहिलं. नाव होती, आम्ही पाचही जण होतो, चेहरे लख्ख, दात आवळलेले. पण खालच्या बाजूनं माउंट बोटभर वर आलेलं. जिथे वल्ह्यांची पाती पाण्यात होती, तिथे पांढरा जाड कागद. आमच्या बाजूचे दोन्ही दांडे त्या कागदाखाली जाऊन संपत होते. माझं शांत पाणी झाकलेलं. आणि ते झाकायचं तर त्याच रेषेवरचं त्यांचं वल्हंही झाकावं लागलं होतं — तो वाकलेला दांडा, तो परातीएवढा भोवरा. त्यांच्या बाजूचा तेवढा एकच साक्षीदार होता. तो त्यांनी स्वतःच्या हातानं झाकला.

फोटोला हात नाही लावायचा, म्हणणारा माणूस.

‘चहा घेणार?’ त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. चहा आला. ते म्हणाले, ‘अजून तीच सीट?’

‘हो. तीच.’

‘अच्छा आहे,’ ते म्हणाले. ‘तिथून सगळे दिसतात.’

एवढंच. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. मी कान देऊन शोधला, नव्हता. मी चहा संपवला. खाली गाळ राहीपर्यंत प्यायलो, म्हणजे तोंड कपात राहील. कागदात गुंडाळलेली फ्रेम घेतली, ‘येतो’ म्हणालो आणि निघालो. गाडीत बराच वेळ बसून होतो. दुकान समोर दिसत होतं. उतरलो नाही.

बोलता आलं असतं अशी ही दुसरी वेळ. तिसरी अजून सांगायची राहिली आहे.

दोन रविवारांनी डॉक्टरांच्या दवाखान्यात आम्ही जमलो होतो. भिंतीवर त्यांची फ्रेम लावलेली. सुभेदारांनी विचारलं, ‘इसमें चप्पू कहाँ हैं?’ सगळे जवळ जाऊन पाहायला लागले. डॉक्टर हसले. म्हणाले, ‘अरे, फणसेंनी माउंट वर घेतलं चुकून. वल्हीच कापली. हातही गेला आणि नजरही गेली त्यांची आता.’ मेघना चुकचुकली. राठौड़जींनी मान हलवली. मग डॉक्टर माझ्याकडे वळले.

‘काय सांगलीवाले?’

आणि मी तेच म्हणालो. तेच शब्द, त्याच आवाजात.

‘वय होतं हो.’

माझी फ्रेम माझ्याकडे आहे, राऊच्या घरात, जेवायच्या टेबलासमोर. आता मी प्रत्येक हात पूर्ण ओढतो. फोड येतात, फुटतात. नावेला त्यानं काही फरक पडला असं कोणी म्हणालं नाही. सरावानंतर पोहे खातो, थोडा रेंगाळतो, घरी येतो आणि फ्रेमसमोर बसून जेवतो. माझ्या सीटवरून फणसेंची नुसती पाठ दिसायची, ओढतानाचं तोंड कधी दिसलं नव्हतं. फोटोत दिसतं. ते जीव खाऊन ओढताहेत. त्यांच्यामागे मीही दात आवळले आहेत. त्यांच्यापेक्षा जास्त.